सांभाळणाऱ्यालाही हवा विसावा : घर आणि वृद्धाश्रम यांच्यामधील सेवांची अपुरी वाटचाल

नवी दिल्ली : वृद्ध रुग्ण रुग्णालयात येतो, तेव्हा त्याच्या नावाचा केसपेपर निघतो. रक्तदाब, साखर, वजन आणि औषधांच्या मात्रा यांची त्यावर नोंद होते. त्याला हाताला धरून आत आणणाऱ्या सुनेची, लेकीची किंवा स्वतःच सत्तरी ओलांडलेल्या पत्नीची नोंद मात्र कोठेही होत नाही. तिला रात्री सलग किती तास झोप मिळते, तिची पाठ किती दुखते, ती स्वतःच्या तपासणीसाठी शेवटची कधी गेली होती, हे प्रश्न तिला कोणी विचारत नाही. घरातील सेवा ज्या व्यक्तीवर उभी असते, तीच व्यवस्थेच्या नजरेआड राहते.

या व्यक्तीला काही तास, काही दिवस किंवा काही आठवडे जबाबदारीतून मोकळे करणाऱ्या सेवेला जगभर ‘रेस्पाइट केअर’ म्हणतात. मराठीत तिला विसावा सेवा म्हणता येईल. अनेक देशांनी गेल्या काही दशकांत ही सेवा कायद्यात आणि विम्यात बसवली. भारतात मात्र वृद्धांच्या सांभाळाची चर्चा अजूनही दोन टोकांभोवती फिरते. एका टोकाला मुलांचे कर्तव्य आणि दुसऱ्या टोकाला वृद्धाश्रम. या दोहोंच्या मधली जागा बहुतांशी रिकामी आहे.

विसावा सेवा म्हणजे काय?

या सेवेचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात प्रशिक्षित मदतनीस ठरावीक वेळी घरी येते आणि तेवढा वेळ घरातील व्यक्ती बाहेर जाऊ शकते किंवा झोपू शकते. दुसरा प्रकार दिवसा सांभाळ करणाऱ्या केंद्रांचा, म्हणजे डे केअरचा. वृद्ध व्यक्ती सकाळी केंद्रात जाते. तेथे जेवण, व्यायाम, गप्पा, औषधे यांची व्यवस्था होते आणि संध्याकाळी ती घरी परतते. तिसऱ्या प्रकारात वृद्ध व्यक्तीला काही दिवसांसाठी शुश्रूषागृहात किंवा निवासी केंद्रात ठेवले जाते. घरातील व्यक्तीची शस्त्रक्रिया, लग्नकार्य, प्रवास किंवा निव्वळ थकवा, यांपैकी कोणतेही कारण त्यासाठी पुरेसे मानले जाते.

तिन्ही प्रकारांत एक गोष्ट समान आहे. वृद्ध व्यक्ती घरातच राहणार, हे यात गृहीत धरलेले असते. ती वृद्धाश्रमाची पहिली पायरी नसते. घरातील सेवा अधिक काळ टिकावी, हाच तिचा हेतू असतो.

गरज कोणाला आणि का?

२०११च्या जनगणनेत देशातील साठ वर्षांवरील लोकसंख्या सुमारे १०.४ कोटी होती. संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधी आणि मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था यांच्या २०२३च्या अहवालानुसार २०५०पर्यंत हा आकडा सुमारे ३४.७ कोटींवर, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या पाचव्या हिश्श्यापलीकडे जाईल. देशव्यापी अभ्यासावर आधारलेल्या आणि २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार साठीपुढील ७.४ टक्के व्यक्तींना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना स्मृतिभ्रंश आहे. अर्धांगवायू, पार्किन्सन, खुब्याचे अस्थिभंग आणि कर्करोगाच्या अखेरच्या अवस्था यांमुळे परावलंबी झालेल्या वृद्धांची संख्या यात धरलेली नाही.

या सांभाळाचा भार कोणावर पडतो, याचे उत्तर राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या वेळवापर सर्वेक्षणात अंशतः सापडते. २०२४च्या सर्वेक्षणानुसार १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातील व्यक्तींच्या देखभालीत सहभागी होत्या. पुरुषांमध्ये हे प्रमाण २१.४ टक्के होते. ही देखभाल करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी १४० मिनिटे देत होत्या, तर पुरुष ७४ मिनिटे. या आकड्यांत बालसंगोपनाचाही समावेश आहे. शिवाय साठीपुढील पती वा पत्नी जोडीदाराची जी शुश्रूषा करते, ती या वयोगटाच्या बाहेरच राहते. एक वृद्ध दुसऱ्या वृद्धाला उचलून बसवतो, अशी घरे प्रत्येक शहरात आणि गावात आहेत.

या श्रमाचे परिणाम केवळ मनावर होत नाहीत. अमेरिकी वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात १९९९मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६६ ते ९६ वयोगटातील पती-पत्नींचा चार वर्षे मागोवा घेण्यात आला. जोडीदाराची शुश्रूषा करताना ताण जाणवणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण शुश्रूषेची जबाबदारी नसलेल्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी अधिक आढळले. शुश्रूषा करूनही ताण न जाणवणाऱ्यांमध्ये अशी लक्षणीय वाढ दिसली नाही. अपाय सेवेने होत नसून उसंत नसलेल्या सेवेने होतो, असा या निष्कर्षाचा अर्थ घेता येतो.

ही कल्पना कोठून आली?

वृद्धांच्या बाबतीत या विचाराची सुरुवात ब्रिटनमधील वृद्धोपचार विभागांत झाल्याचे दिसते. ‘सहा आठवडे रुग्णालयात, सहा आठवडे घरी’ अशा योजनेची माहिती ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९५७मध्ये आली होती. रुग्णाचे पुनर्वसन आणि नातेवाइकांना उसंत, अशी दोन्ही उद्दिष्टे त्या योजनेने मांडली होती. पुढे १९९५च्या कायद्याने तेथील सांभाळ करणाऱ्या नातेवाइकांना स्वतःच्या गरजांचे मूल्यमापन करून घेण्याचा हक्क मिळाला आणि २०१४च्या कायद्याने इंग्लंडमध्ये हा हक्क अधिक बळकट झाला.

जर्मनीने १९९५मध्ये दीर्घकालीन शुश्रूषा विमा सुरू केला. सांभाळ करणारी व्यक्ती आजारी पडली किंवा रजेवर गेली, तर पर्यायी व्यक्तीचा किंवा तात्पुरत्या निवासाचा खर्च या विम्यातून मिळतो. जुलै २०२५पासून या दोन्ही लाभांसाठी मिळून वर्षाला ३,५३९ युरोपर्यंतची एकत्रित तरतूद लागू झाली आहे.

जपानमध्ये परंपरेने सांभाळ थोरल्या मुलाच्या पत्नीकडे असे. लोकसंख्या वेगाने वृद्ध होऊ लागली आणि स्त्रिया मोठ्या संख्येने नोकरी करू लागल्या, तेव्हा ही घडी टिकेना. एप्रिल २०००पासून तेथे शुश्रूषा विमा सुरू झाला. चाळिशीपुढील प्रत्येक नागरिक त्याचा हप्ता भरतो. वृद्धाला किती मदतीची गरज आहे, हे श्रेणीनुसार ठरते आणि त्याप्रमाणे दिवसा केंद्रात जाणे, अल्पकाळ निवास किंवा घरपोच मदत मिळते. बहुतेकांना प्रत्यक्ष खर्चाचा दहावा हिस्सा भरावा लागतो; अधिक उत्पन्न असलेल्यांचा वाटा जास्त असतो. सकाळी केंद्राची गाडी दारात येते, आजी-आजोबांना घेऊन जाते, तेथे त्यांना स्नान घातले जाते आणि संध्याकाळी घरी पोहोचवले जाते. हे दृश्य आता तेथील गल्लीबोळांत नित्याचे झाले आहे. यामुळे सुनेचे कर्तव्य संपले नाही. मात्र ते एकटीने पार पाडण्याची सक्ती कमी झाली.

भारतातील कायदा आणि योजना

भारतात आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा व कल्याणाचा कायदा २००७मध्ये झाला. त्यानुसार पालक मुलांकडे निर्वाहभत्ता मागू शकतात. त्याची कमाल मर्यादा दरमहा १० हजार रुपये आहे. ज्येष्ठांना वाऱ्यावर सोडून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. निराधार ज्येष्ठांसाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० जणांच्या क्षमतेचा एक वृद्धाश्रम राज्य सरकार उभारू शकेल, अशीही तरतूद आहे. कर्तव्यात चुकणाऱ्या मुलांचा आणि निराधार पालकांचा विचार कायद्याने केला. कर्तव्य पार पाडताना थकून गेलेल्या मुलांचा विचार त्यात आलेला नाही.

डिसेंबर २०१९मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि त्यांच्यासाठी किमान दर्जा ठरवणे, तसेच ज्येष्ठांसाठी दिवसा चालणारी केंद्रे यांचा उल्लेख होता. सतरावी लोकसभा विसर्जित झाल्यावर ते विधेयक व्यपगत झाले.

कल्पना सरकारी कागदपत्रांना अपरिचित होती, असे मात्र नाही. केंद्राच्या १९९२पासून चालत आलेल्या ज्येष्ठ नागरिक एकात्मिक कार्यक्रमात २००८मध्ये सुधारणा झाली, तेव्हा विसावागृहे आणि स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी दिवसा चालणारी केंद्रे यांना अनुदानपात्र उपक्रमांच्या यादीत स्थान मिळाले होते. हाच कार्यक्रम आता अटल वयो अभ्युदय योजनेच्या छत्राखाली आहे. १४५६७ ही ‘एल्डरलाइन’ मदतवाहिनी २०२१पासून देशभर सुरू आहे. राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा स्वतंत्र विभाग आणि अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना घरी भेट देणे अपेक्षित आहे. २०२४मध्ये आयुष्मान भारत योजनेतून सत्तरीपुढील सर्वांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळाले. परंतु ते रुग्णालयातील उपचारांसाठी आहे. रुग्णालयातून घरी सोडल्यानंतर सुरू होणारे महिने आणि वर्षे त्यात येत नाहीत.

रजेच्या नियमांतही हीच पोकळी दिसते. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना आणि एकल पुरुष पालकांना अपत्यांच्या संगोपनासाठी संपूर्ण सेवाकाळात ७३० दिवसांपर्यंत रजा मिळते. आई-वडिलांच्या शुश्रूषेसाठी अशी स्वतंत्र रजा नाही. जुलै २०२५मध्ये राज्यसभेत देण्यात आलेल्या उत्तरानुसार, कर्मचारी त्यासाठी वर्षाला मिळणाऱ्या ३० अर्जित, २० अर्धवेतनी, ८ नैमित्तिक आणि २ ऐच्छिक रजा वापरू शकतात. असंघटित क्षेत्रात काम करणाऱ्यांना तोही पर्याय नसतो. त्यांच्यासाठी घरी थांबलेला दिवस म्हणजे बुडालेली मजुरी.

गोवा आणि केरळचा अनुभव

देशात या क्षेत्राचा पाया प्रामुख्याने स्वयंसेवी संस्थांनी घातला. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९९२मध्ये केरळात स्थापन झाली आणि स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी दिवसा व पूर्णवेळ सांभाळ करणारी केंद्रे तिने सुरू केली. बेंगळुरूमधील नाइटिंगेल्स मेडिकल ट्रस्ट आणि मुंबईतील डिग्निटी फाउंडेशन यांनीही या प्रकारचे काम उभे केले. मात्र अशा केंद्रांची वस्ती मोठ्या शहरांत आहे. लातूर, बीड किंवा गडचिरोलीतील कुटुंबाला तेथवर रोज जाणे शक्य नाही.

महागड्या इमारतीवाचूनही काय करता येते, हे गोव्यात दिसून आले. तेथील दोन तालुक्यांत स्मृतिभ्रंश असलेल्या ८१ व्यक्तींच्या कुटुंबांसोबत झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८मध्ये प्रसिद्ध झाले. स्थानिक पातळीवर प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी सहा महिने कुटुंबांना घरी जाऊन भेटी दिल्या. त्यांनी आजाराची माहिती दिली, वृद्धाचे चिडणे, हट्ट, रात्री उठून फिरणे कसे हाताळावे हे समजावले आणि गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञाची मदत जोडून दिली. ज्या कुटुंबांना ही मदत मिळाली, तेथील सांभाळणाऱ्यांच्या मानसिक आरोग्यात लक्षणीय सुधारणा झाली. ही सेवा काटेकोर अर्थाने विसावा सेवा नव्हती. तरीही आपले म्हणणे ऐकून घेणारे कोणीतरी ठरलेल्या दिवशी दारी येणार आहे, एवढ्याने भार हलका होतो, हे तीतून सिद्ध झाले.

केरळने आणखी दोन गोष्टी केल्या. १९९३मध्ये कोळिकोडला सुरू झालेल्या वेदनाशमन चळवळीतून शेजारीपाजारी स्वयंसेवकांचे जाळे तयार झाले. २००८मध्ये राज्याने वेदनाशमन उपचारांचे धोरण स्वीकारले आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या साहाय्याने परिचारिका घरोघरी जाऊ लागल्या. दुसरी गोष्ट म्हणजे ‘आश्वासकिरणम्’ योजना. तिच्यातून अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची पूर्णवेळ शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीला दरमहा ६०० रुपये देण्याची तरतूद आहे. ही रक्कम तुटपुंजी आहे. शहरात तेवढ्या पैशांत चोवीस तासांची मदतनीस एक दिवस मिळणेही कठीण. तरीही सांभाळणारी व्यक्ती सरकारी यादीत स्वतंत्र लाभार्थी म्हणून नोंदली गेली, हे या योजनेचे वेगळेपण आहे.

ब्युरोची बाई आणि विश्वासाचा प्रश्न

ज्यांना परवडते, त्यांच्यासाठी शहरांत खासगी पर्याय वाढले आहेत. ‘ब्युरोची बाई’ ही मुंबई-पुण्यात रुळलेली संकल्पना आहे. बारा तासांची किंवा चोवीस तासांची मदतनीस ब्युरोमार्फत मिळते. तिला नाकातील नळीतून अन्न देणे, कॅथेटरची निगा, बेडसोर होऊ नयेत म्हणून कूस बदलणे यांचे प्रशिक्षण असेलच, याची खात्री मात्र नसते. मदतनिसांची बाजूही तितकीच नाजूक आहे. सलग ड्यूटी, अपुरी झोप, सुट्टीचा अभाव आणि ब्युरोचे कमिशन यांमुळे त्या टिकत नाहीत. दर पंधरा दिवसांनी नवा चेहरा आला, तर गोंधळलेल्या वृद्धाची अस्वस्थता वाढते आणि घरच्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. एका स्त्रीची उसंत दुसरीच्या थकव्यावर उभी राहिली, तर प्रश्न केवळ घर बदलतो.

परप्रांतात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपुढे भाषेची अडचण असते. स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेल्या भाषा अनेकदा आधी विसरल्या जातात आणि मायबोली उरते. बेंगळुरू, हैदराबाद किंवा दिल्लीत मुलाकडे राहणाऱ्या आजी ‘पाणी’, ‘दुखतंय’, ‘मोरीत जायचंय’ एवढेच मराठीत सांगू शकतात आणि मदतनिसाला ते उमगत नाही. अशा वेळी रोजच्या वापरातील पंधरा-वीस शब्द मदतनिसाच्या लिपीत लिहून भिंतीवर लावले, तर उपयोग होऊ शकतो.

संकोचाची भिंत

सेवा उपलब्ध असली तरी ती घेतली जाईलच, असे नाही. ‘सख्ख्या आईला परक्यांच्या हवाली केले’ हा शब्द ऐकावा लागेल, ही धास्ती असते. वृद्ध व्यक्तीही ‘मला कोठेतरी टाकून येणार’ या भीतीने विरोध करते. परिणामी कुटुंबे मदत मागतात ती अगदी शेवटी, सांभाळणारी व्यक्ती आजारी पडल्यावर. तोवर वृद्धाची प्रकृती इतकी खालावलेली असते, की नव्या जागेत रुळणे त्याला जड जाते आणि ‘पाहा, नाही जमले’ असा निष्कर्ष काढला जातो.

संशोधनाचे चित्रही एकरंगी नाही. स्मृतिभ्रंशातील विसावा सेवेवरील चाचण्यांचा कॉक्रेन संस्थेने २०१४मध्ये घेतलेला आढावा केवळ चार चाचण्यांवर आधारलेला होता आणि त्यातून ठोस लाभ सिद्ध झाला नाही. दुसरीकडे, वृद्ध दिवसा केंद्रात जातात त्या दिवशी सांभाळणाऱ्यांचा ताण कमी असतो, असे अमेरिकेतील अभ्यासांत आढळले आहे. त्यामुळे वर्षातून एकदा मिळणाऱ्या आठवड्यापेक्षा दर आठवड्याला नेमाने मिळणारी एक दुपार अधिक उपयोगी ठरण्याची शक्यता आहे. त्या दुपारी वृद्ध व्यक्तीला तेथे बरे वाटले पाहिजे, ही त्यातील मुख्य अट. नाही तर घरच्याचा विसावा चिंतेतच जातो.

सुरुवात कोठून करता येईल?

कुटुंबांच्या पातळीवर सुरुवात लवकर आणि लहान असावी. पहिल्या काही भेटींत घरातील व्यक्तीने सोबत थांबावे आणि नंतर वेळ वाढवावा. औषधांच्या वेळा, चहा कसा लागतो, कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते, कशाने भीती वाटते, हे एका पानावर लिहून द्यावे. केंद्र निवडताना रात्रपाळीला किती कर्मचारी असतात, डॉक्टर कोणत्या वेळी उपलब्ध असतात आणि न कळवता भेट देण्यास परवानगी आहे का, हे तीन प्रश्न जरूर विचारावेत. भावंडांमध्ये केवळ पैशांची वाटणी पुरेशी नसते. वेळेचीही वाटणी व्हावी लागते. परगावी असलेल्या भावाने वर्षातून पंधरा दिवस येऊन आईला सांभाळणे, ही विसावा सेवाच आहे.

शासनाच्या पातळीवर सर्वच नव्याने उभारण्याची गरज नाही. जिल्हा रुग्णालयातील वृद्धांच्या विभागात एखादी खाट अल्पकाळ निवासासाठी राखून ठेवता येईल. ज्येष्ठ नागरिक संघांची विरंगुळा केंद्रे अनेक गावांत आहेत; पण तेथे मुख्यतः चालतेफिरते ज्येष्ठ जमतात. एक प्रशिक्षित सहायक आणि ने-आण करणारे वाहन मिळाले, तर आठवड्यातून दोन दुपारी परावलंबी वृद्धांनाही तेथे सामावून घेता येईल. मदतनिसांचे प्रशिक्षण, किमान वेतन, साप्ताहिक सुट्टी आणि ब्युरोंची नोंदणी यांसाठी मात्र कायद्याचा आधार लागेल.

त्याआधीही एक काम होऊ शकते आणि त्याला फारसा खर्च येत नाही. वृद्ध रुग्णाच्या केसपेपरवर एक रकाना वाढवता येईल : ‘घरी सांभाळ कोण करते आणि त्यांना शेवटची सुट्टी कधी मिळाली?’ बहुतेक ठिकाणी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर रिकामे राहील. पण ते रिकामे आहे, याची निदान नोंद होईल.